वेल्डिंग मारलेलं शटर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी तात्यांचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी. आईला त्याचं वाईट वाटत नाही, कारण ती स्वतः रोज जेवणाआधीच्या प्रार्थनेत तेच नाव घेते. "देवबापा, तात्यांना सांभाळ," एवढंच तिचं मागणं असतं. आमदार असलेल्या या माणसाच्या सुरक्षेची बरीच वर्षं तेवढी एकच व्यवस्था धड चालू होती, आणि तीही त्यांनी मोडून टाकली नाही याचं कारण ती त्यांना माहीत नव्हती.

तात्या आमच्या भागाचे आमदार. मी त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात स्वीय सहायक आहे. म्हणजे फोन घेतो, अर्ज घेतो आणि शिव्या घेतो. माझ्याशेजारच्या टेबलावर सुनीताताई बसतात. त्या देवळाली प्रवराहून रोज एसटीनं येतात आणि शिफारसपत्रं टाईप करतात. कार्यालय म्हणजे हायवेलगतचे दोन गाळे. पुढच्या गाळ्यात आम्ही दोघं, मागच्या गाळ्यात तात्या. पुढच्या गाळ्याला दार नाही. शटर होतं. तात्या पहिल्यांदा निवडून आले त्या दिवशी त्यांनी ते वर ढकलायला लावलं आणि वेल्डरला बोलावून तिथंच वेल्डिंग मारून टाकलं, पुन्हा कधी खाली येऊ नये म्हणून. "आमदाराचं दुकान बंद हुत न्हाई," असं ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारे घरी गेले. तेव्हापासून धूळ, हायवेचा आवाज, भटकी कुत्री आणि चिडलेली माणसं, जे काही आत येतं ते आधी आमच्या टेबलावर येतं.

पण त्या उघड्या गाळ्याबद्दल मी तक्रार करायला लागलो की मला माझीच गोष्ट आठवते, आणि तोंड बंद होतं.

बारावी झाल्यावर नगरच्या कॉलेजात माझं नाव लागलं होतं. प्रवेशाचा शेवटचा दिवस आणि उत्पन्नाचा दाखला हातात नाही. तहसीलमधला माणूस म्हणाला, पुढच्या आठवड्यात ये. आमच्या घरात तोवर मिशनच्या शाळेपुढे कोणी शिकलेलं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय करायचं असतं हे सांगणारं कोणी नव्हतं. मी हायवेनं चालत सुटलो आणि त्या उघड्या गाळ्यात शिरलो. मला कोणी अडवलं नाही, कारण अडवायला कोणी नव्हतंच. मागे तात्या दाढी करून घेत होते. एका गालाला साबण, गळ्यात टॉवेल. माझं बोलणं अर्धं झालं असेल नसेल, ते उठले. न्हावी वस्तरा धरून तसाच उभा.

"तात्या, दुसरा गाल," तो म्हणाला.

"गाल पळून जातो का? पोराचं वरीस जाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं समज."

तसेच जीपमध्ये बसले, तहसीलला गेले, दाखला घेतला आणि मला घेऊन नगरला. कॉलेजच्या रांगेत ते माझ्यामागे उभे राहिले. शिपायानं त्यांना ओळखलं नाही. "काका, पालकांनी तिकडं सावलीत थांबा," असं तो म्हणाला, तर हे गुपचूप सावलीत जाऊन थांबले. एका गालावर तोवर साबण वाळून पांढरा पडला होता. माझा प्रवेश झाला. त्या दिवशी मला वाटलं, जगात मोठा माणूस असावा तर असा.

अजूनही वाटतं. पण त्यांच्या हाताखाली काम करायला लागल्यावर दुसरा गालही दिसायला लागला.

तात्यांना सरकारनं एक अंगरक्षक दिला आहे. हवालदार आहेत, मितभाषी, कमरेला पिस्तूल. त्यांनी तात्यांच्या मागे दोन पावलांवर राहायचं, अशी नेमणूक. तात्यांच्या दृष्टीनं मात्र एक धडधाकट माणूस नुसता मागे चालतोय हे पाप आहे. त्यामुळे हवालदारांनी दळण आणलं आहे, मंडप बांधला आहे आणि एकदा घोडेगावच्या बाजारात म्हैस धरली आहे. तो बाजार तात्यांच्या मतदारसंघात नाही, पण एका कार्यकर्त्याला म्हैस घ्यायची होती आणि तात्यांना म्हशीतलं कळतं. गर्दीत, शिंगांच्या मधून, हे पुढे. व्यापाऱ्याच्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणं चाललेलं, आणि दावं हवालदारांच्या हातात.

हवालदार म्हणाले, "तात्या, माझे दोन्ही हात मोकळे पाहिजेत. तसा नियम आहे."

"मग दावं कंबरंला बांध."

लग्नसराईत तर हवालदार आमदारांसोबत नसतातच. तात्यांना एका दिवशी जमणार नाहीत इतकी लग्नं असतात, म्हणून त्यांनी वाटणी केली. काही लग्नांना स्वतः जायचं, उरलेल्यांना हवालदारांना धाडायचं. "माझ्या वतीनं अक्षदा टाकून ये. आहेर घेऊ नको, जेवून ये." म्हणजे ज्या वेळी तात्या हजार माणसांच्या गर्दीत एकटे असतात, त्या वेळी त्यांचा अंगरक्षक वीस किलोमीटरवर दुसऱ्या मंडपात पिस्तूल लावून अक्षता टाकत असतो. मी एकदा स्पष्ट विचारलं, "तात्या, तुम्हाला कोणी काही केलं तर?"

"मला कोन काय करनार रं? समदी आपलीच मानसं हायती."

या वाक्यापुढे काही बोलता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

मागे कुठेतरी एका आमदाराच्या घरावर जमाव चालून गेल्याच्या बातम्या टीव्हीवर आल्या, आणि त्यानंतर वरून आमच्याकडे, टपालानं नव्हे, पोलिसाच्या हाती पत्र आलं. लोकप्रतिनिधी व त्यांचे कार्यालयीन कर्मचारी यांच्या सुरक्षेत सुधारणा करण्याबाबत. मी ते मोठ्यानं वाचलं. सुनीताताईंनी टायपिंग थांबवलं.

"काय म्हनालास? कर्मचारी?"

"व त्यांचे कार्यालयीन कर्मचारी."

"म्हंजी आपन?"

"आपणच."

"परत वाच."

मी परत वाचलं. ताई हसल्या. "बरं झालं बाई, कुनाच्या तरी ध्यानात आलं. साहेबाला पिस्तूल अन् आपल्याला काय, तर स्टेपलर."

त्यांचं हसणं खोटं नव्हतं, पण नुसतं हसण्यासारखंही ते नव्हतं. त्याआधी एकानं त्यांच्या टेबलावरचा चहा त्यांच्याच अंगावर उडवला होता. बदलीचं काम झालं नाही म्हणून एक जण त्यांच्या एसटीच्या थांब्यापर्यंत मागे मागे गेला होता. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यो? त्याचा बाप लई चांगला मानूस."

पत्रानंतर एक निरीक्षक पाहणीला आले. त्यांनी शटरकडे बघितलं, वेल्डिंगवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी लिहून दिलं की दार करा, दारात माणूस ठेवा, कॅमेरा लावा, धातू ओळखणारी चौकट बसवा. यातली चौकट तेवढी तात्यांना पटली, कारण तिला दार नसतं.

चौकट आली आणि तात्यांनी तिचं उद्घाटन ठेवलं. आता आमच्याकडे उद्घाटन म्हटलं की सत्कार, सत्कार म्हटलं की फेटा, शाल, नारळ आणि तलवार. लोक आमदाराला तलवार देतात. रस्त्याचं काम सुरू झालं, तलवार. वाढदिवस, तलवार. शाली तात्या वाटून टाकतात, नारळ गावच्या यात्रेला जातात, पण तलवार कोणाला देणार? त्या सगळ्या आमच्या पुढच्या गाळ्यात, सुनीताताईंच्या खुर्चीमागे, दूध संघानं भेट दिलेल्या एका मोठ्या कॅनमध्ये उभ्या असत, पावसाळ्यात छत्र्या ठेवाव्या तशा. त्यातली एक तात्यांनी टपालासाठी काढून ठेवली होती. टपाल फोडणं हे ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. हातात दिलेला कागद ते न वाचता बंडीच्या खिशात घालतात आणि तो बंडीबरोबर धुतला जातो. पण टपालानं आलेलं पाकीट ते स्वतः, सुनीताताईंच्या टेबलाशी उभे राहून, तलवारीनं फोडतात आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. वाचून झालं की पत्र टेबलावर आणि तलवारही टेबलावर.

तर चौकटीच्या उद्घाटनाला कार्यकर्त्यांनी तात्यांना एक तलवार दिली आणि निरीक्षकांना एक. दोन्ही तलवारी चौकटीतून आत आल्या तेव्हा चौकट कोकलत होती. कोणी तरी म्हणालं, "चालतंय की मशीन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निरीक्षकांनी फोटो काढून घेतला, मग तलवार आमच्याच कॅनमध्ये ठेवली आणि गेले. मी तिथेच होतो. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. तलवारीला आमच्याकडे कोणी हत्यार समजत नाही, ती शालीसारखीच एक वस्तू.

पुढे चौकटीचं जे व्हायचं ते झालं. चुन्याची डबी, किल्ल्या, मोबाईल, प्रत्येकाला ती ओरडायची. ऊसतोडीची माणसं कोयता कमरेला लावून यायची. मी म्हणायचो, कोयता बाहेर ठेवा. माणसं म्हणायची, बाहेर ठिवला तर जाईल. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळीच होती, तिथून ती आत यायची. शेवटी तात्यांनी चौकटीची पिन काढून तिथं आपला मोबाईल चार्जिंगला लावला. "लई कोकलतीया," ते म्हणाले. "मानसं बिचकत्यात."

आता त्या "झालं समज"विषयी.

हे वाक्य तात्या सगळ्यांना म्हणतात. माझ्या वेळी ते खरं झालं म्हणून मी त्याला देववाणी मानत होतो. कामाला लागल्यावर कळलं की ते म्हणताना तात्यांच्या मनात ते काम खरोखर झालेलं असतं. ते खोटं बोलत नाहीत. ते पुढच्या माणसाकडे वळतात. मग तो माणूस आमच्याकडे येतो. "तात्या म्हनले झालं. द्या कागद." आणि कागद नसतो, मंजुरी नसते, कुठे काही नसतं. ते त्याला सांगायचं काम सुनीताताईंचं.

एका वस्तीवरच्या तरुणाला तात्यांनी रस्त्याचं असंच सांगितलं होतं. त्याच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात माईकवरून, आणि नंतर धाकटीच्या लग्नातही माईकवरून. "वस्तीचा रस्ता झालं समजा." सगळ्या मांडवानं ऐकलं. रस्ता झाला नाही. यंदा लग्नसराई संपायच्या आतच पाऊस लागला, आणि त्याच्या आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तिला खाटेवर घालून चिखलातून डांबरीपर्यंत आणावं लागलं. ती वाचली. तो तिला दवाखान्यात ठेवून सरळ आमच्याकडे आला.

दुपारची वेळ. तात्या एका लग्नात, हवालदार दुसऱ्यात. तो चौकटीतूनच आला, अगदी मधून. चौकट चालू असती तरी ओरडली नसती. त्याच्याजवळ काही नव्हतं.

"रस्ता कुठं झालाय ते दावा मला," तो म्हणाला.

सुनीताताई म्हणाल्या, "भाऊ, बसा आधी. तुमचा अर्ज मी काढते."

"अर्ज तीनदा दिला. ते म्हनले झालं. दोनदा म्हनले. सगळ्यांसमोर म्हनले. कुठं झालाय?"

"भाऊ, मंजुरी आलेली न्हाई. मी खोटं कशाला सांगू?"

तात्यांनी आयुष्यात कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते खरं ताईंनी सांगितलं, आणि त्याच्या हाताशी टेबलावर टपालाची तलवार होती. मी खुर्चीतून उठेपर्यंत त्यानं ती उचलून खाली आणली होती. ताईंनी हात वर धरला. सत्काराच्या तलवारीला धार नसते, म्हणून त्या वाचल्या. पण लोखंड ते लोखंड. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी त्याला मागून मिठी मारली तेव्हा त्याच्यात काही जोर राहिला नव्हता. तो खाली बसला आणि "माझी आई, माझी आई" म्हणत राहिला.

पोलीस आले, ताईंनी तक्रार दिली. तलवार जप्त झाली. संध्याकाळी तात्या आले, कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, आता कळलं. आता दार होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या एकटेच मोटारसायकलवर त्या वस्तीवर गेले. चिखलात गाडी अडकली, उरलेलं चालत गेले. त्या घराच्या ओट्यावर बसून चहा प्यायले आणि त्याच्या वडिलांना म्हणाले की काळजी करू नका, मी पोराला माफ केलं. कोणी तरी फोटो काढला. आमदारांचं मोठं मन, अशी बातमी आली. मग तिथूनच ते दवाखान्यात सुनीताताईंकडे आले. मी तिथे होतो. ताईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. टायपिंगचा हात.

"पोरगं गरीब हाय," तात्या म्हणाले. "आयुष्याचं वाटोळं व्हईल. तक्रार मागं घे. मी माफ केलं त्याला."

ताईंनी विचारलं, "तात्या, तुमाला कुठं लागलं?"

"मला? मला कशाला लागंल?" तात्या हसले. ताई काळजीनं विचारतायत असंच त्यांना वाटलं. खिशातून संत्रं काढून त्यांनी उशाशी ठेवलं आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले. त्याचा मुलगा नोकरीचं विचारत होता. "झालं समज," असं मी जाताना ऐकलं.

मी कार्यालयात आलो. त्या दिवशीचं टपाल आलं होतं. थोड्या वेळानं तात्याही आले, कॅनमधून दुसरी तलवार उपसली आणि पाकिटं फोडायला लागले.

तेव्हापासून मी घरी आहे. आईला हे आवडलेलं नाही. "ज्यानं तुला उभं केलं त्याच्यावर रुसतोस?" ती म्हणते. मी म्हणतो, रुसलेलो नाही. तिला ते पटत नाही, पण तिच्या प्रार्थनेत आता तात्यांच्या मागोमाग ताईंच्या हाताचंही मागणं असतं. तोंडी सांगितलेलं तात्या विसरतात आणि हातात दिलेला कागद धुऊन निघतो, म्हणून मी त्यांना टपालानं पत्र पाठवलं. ते असं:

तीर्थस्वरूप तात्या,

सप्रेम नमस्कार.

विषय : कार्यालयाला दार बसवण्याबाबत.

आपल्या कार्यालयात जो येतो तो अर्ज देतो. म्हणून मीही अर्जच करतो आहे.

आपल्याला कोणी काही करणार नाही, हे आपलं म्हणणं खरं निघालं. आपल्याला कोणी काही केलं नाही. आपल्यावरचा राग घेऊन येणारा माणूस आधी आमच्या टेबलाशी पोचतो, आणि तो राग तिथंच संपतो. म्हणून आपल्याला सगळी माणसं आपलीच दिसतात.

त्या मुलाला आपण माफ केलंत. पण हात ताईंचा मोडला. माफ करायचं की नाही ते त्या ठरवतील. त्यांनी तक्रार ठेवली तर आपण त्यांच्या घरी कोणाला पाठवू नये आणि स्वतःही जाऊ नये. वस्तीचा रस्ता मात्र करावा, आणि होईपर्यंत तो झाला असं माईकवर म्हणू नये. हवालदारांना लग्नांना पाठवू नये. कार्यालयासाठी वेगळा माणूस मागता येतो, वरून आलेल्या पत्रात तसं लिहिलेलं आहे. मी ते आपल्याला वाचून दाखवलं होतं, तेव्हा आपण फोनवर होता. तलवारी गाळ्यातून हलवाव्यात. पुढे कोणी दिली तर हात जोडून परत करावी. लोकांना वाईट वाटेल, पण वाटू द्यावं.

आणि शटरचं वेल्डिंग कापून तिथं दार बसवावं. हे मी लिहावं याची मला लाज वाटते. त्या दिवशी दार असतं आणि दारात कोणी उभं असतं, तर मी परत गेलो असतो. आज मी ऊसतोडीला असतो, किंवा आईबरोबर दुसऱ्याच्या रानात. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. म्हणून असं करावं की दाराबाहेर एक बाक ठेवावा, आणि त्यावर कोण बसलंय ते दर थोड्या वेळानं उठून बघायचं काम मला द्यावं. बिचकून उभं असलेलं पोर मला लांबून ओळखू येतं. तसं कोणी परत गेलं तर दोष माझा.

दार बसलं की ताई येतील असं त्यांनी मला सांगितलं आहे. त्या आल्या की मी येईन. तोवर मी येणार नाही. हा रुसवा नाही. आपण माझ्यासाठी अर्धी दाढी सोडून उठला होता. ताईंसाठी एकदा तसे उठा, एवढंच मागणं आहे.

हे पाकीट मी चिकटवलेलं नाही, फक्त झाकण आत खोचलं आहे. त्याला तलवार लागणार नाही. हातानं उघडेल. दार तसलंच हवं आहे.

आपला,
ज्याचं नाव आपण रांगेत उभं राहून लावलंत तो